आईचे रान

'हवापालट' हा शब्द हल्ली फारसा कानांवर येत नाही. आमच्या आजीच्या पिढीत तो डॉक्टरांच्या तोंडी नेहमी असे. कोणाला मुदतीचा ताप येऊन गेला, कोणाची प्रकृती बाळंतपणानंतर सावरेना, की डॉक्टर औषधाबरोबर सांगत, "महिनाभर हवापालट करा." मग वळकट्या बांधल्या जात, स्टोव्ह आणि पितळी डबे बरोबर घेतले जात आणि एखादे कुटुंब देवळालीला, पाचगणीला किंवा माथेरानला बिऱ्हाड थाटून राही. 'राही' हे क्रियापद इथे महत्त्वाचे. हवापालटाला माणसे राहायला जात. पाहायला जात नसत.

आता आपण टूरला जातो. आठ दिवसांत अकरा स्थळे, पहाटे पाचला चहा, साडेपाचला बस आणि प्रत्येक ठिकाणी 'इथे फक्त वीस मिनिटे' अशी घोषणा. परत आल्यावर फोनमध्ये शेकड्यांनी फोटो असतात आणि न्हाणीघरात धुण्याचे दोन ढीग. त्या ढिगांपुढे उभी राहिलेली गृहिणी मनाशी म्हणते, "आता खरी सुट्टी हवी!" पण तोवर जूनचे वेध लागलेले असतात. वह्यांना कव्हरे घालायची असतात, गणवेशाची शिवण उसवून लांबी वाढवायची असते.

'सुट्टी' आणि 'सुटणे' हे शब्द एकाच घरचे. सुट्टीत मुले शाळेतून सुटतात, नोकरदार कचेरीतून सुटतात. घरातली आई कशातून सुटते? उन्हाळ्यात तर तिचे काम दुणावते. मुले दिवसभर घरी, म्हणजे सकाळी एक डबा भरून भागत नाही, ताट चार वेळा वाढावे लागते. पोहण्याचा वर्ग सकाळी सातला, चित्रकलेचा दहाला, नाट्यशिबिर संध्याकाळी पाचला. आणि प्रत्येक ठिकाणी नेणे-आणणे. त्यातच पाहुणे, आंब्याची पेटी, वर्षाचे तिखट-मसाले, कैरीचे लोणचे. माझ्यासारखी कॉलेजात शिकवणारी असेल, तर याच दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासायचे असतात. शेजारपाजारच्या बायका म्हणतात, "तुमचं बरं आहे बाई, दोन महिने सुट्टी!" मी नुसती हसते.

पण कामाचे मला फारसे वाटत नाही. हात चालू असले तरी मन मोकळे असू शकते. आमच्या आज्या जात्यावर गात होत्याच. आईला शीण येतो तो पहाऱ्याने. मुलगा सायकल घेऊन खाली गेला, की कान रस्त्यावरच्या हॉर्नकडे. मुलगी क्लासला गेली, की नजर घड्याळाकडे. 'पोचलास का?', 'निघालीस का?' हे दोन प्रश्न शहरातली आई दिवसातून किती वेळा विचारते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. झोपेतसुद्धा तिचा एक डोळा उघडा असतो. हा पहारा उतरवून ठेवता येईल अशी जागा कुठली, असा शोध मी घेऊ लागले, आणि मला माथेरान आठवले.

२०२३ सालची गोष्ट. मुलीची बारावीची परीक्षा झाली होती. जूननंतर ती शिकायला पुण्याला जाणार, हे ठरल्यासारखेच होते. धाकटा अकरा वर्षांचा. सासूबाई चौऱ्याहत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. घरात हिमाचलच्या सहलीचे रंगीत कागद येऊन पडले होते. मी म्हटले, "यंदा आपण माथेरानला जाऊ. पुरते सात दिवस." सगळ्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू कल्याणला राहायला जाऊ म्हणाले! आम्ही डोंबिवलीचे, आमच्या दृष्टीने माथेरान म्हणजे रविवारी सकाळी जाऊन रात्री परत येण्याचे ठिकाण. "सात दिवस तिथं करायचं काय?" यजमानांनी विचारले. "काही नाही," मी म्हटले. "काही नाही करायलाच जायचं आहे."

माथेरानची ख्याती अशी, की तिथे मोटारीला मज्जाव आहे. नेरळहून घाट चढून आलेली वाहने दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तिथे नगरपरिषदेचा प्रवेशकर भरायचा आणि पुढचे दोनअडीच किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा छोट्या गाडीने जायचे. ही बंदी इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा सारा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा तिला आणखी बळकटी आली. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी यांना तेवढी मोकळीक. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर, मुंबईच्या इतक्या जवळ, एक अख्खे गाव हॉर्नशिवाय जगते आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

या डोंगराकडे साहेबाचे लक्ष गेले ते १८५० च्या मे महिन्यात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. ते 'वन ट्री हिल'च्या बाजूने वर चढले, रान पाहून हरखले आणि पुढे त्यांनी इथे घर बांधले. अर्थात, साहेबाच्या आधी इथे कोणी नव्हते असे नाही. धनगर, ठाकर, कातकरी हे लोक या रानात पूर्वीपासून वावरत होते आणि डोंगराला नावही त्यांच्याच भाषेतले होते. माथ्यावरचे रान ते माथेरान, ही व्युत्पत्ती सर्वांना ठाऊक आहे. पण ठाणे जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये या नावाचा आणखी एक अर्थ दिला आहे: मातेचे रान. भाषाशास्त्राच्या काट्यावर पहिलाच अर्थ खरा ठरेल. तरीही मराठीची प्राध्यापिका असून मी मनात दुसराच जपून ठेवला आहे. आईसाठी एखादे रान असावे, हे मला पटते.

आम्ही सोमवारी निघालो. शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे दरही चढतात. सोमवारी गर्दी उतरत असते, तेव्हा आपण चढावे. कर्जत गाडीने तासाभरात नेरळला उतरलो आणि फलाटावरच ती छोटी गाडी दिसली. धाकट्याने तिची चेष्टा सुरू केली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट; शेजारच्या मोठ्या रुळांतले साडेपाच फूट. पण तिची कथा ऐकून तो गप्प झाला. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या उद्योगपतींच्या पैशांतून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही गाडी उभी केली. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. २०१९ च्या पावसाने मार्गाची नासधूस केली, तेव्हा नेरळकडून येणारी गाडी बंद पडली. ती २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात खालचा टप्पा दरवर्षीच बंद असतो. फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच गाडी चालते.

वीस-एकवीस किलोमीटरचे अंतर तोडायला तिला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. जुम्मापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत, डोंगराला वळसे घालीत ती वर सरकते. चढ इतका, की काही ठिकाणी वीस फूट पुढे जाताना एक फूट उंची गाठावी लागते. साऱ्या मार्गात बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड, की त्याच्या नावाचा विनोद कॉलेजातल्या मुलांना सांगावा लागत नाही. डोंगर फोडून सरळ जाण्याऐवजी त्याच्या अंगाअंगाने फिरत जायचे, असा हिशेब रूळ टाकणाऱ्यांनी केलेला. धाकटा पहिला अर्धा तास विचारीत होता, "कधी पोचणार?" मग त्याने विचारणे सोडले. एका वळणावर आमच्याच गाडीचे इंजिन त्याला खिडकीतून समोर दिसले, तेव्हा तो टाळ्या पिटू लागला. मला वाटते, आमची सुट्टी त्या वळणावर सुरू झाली.

बाजारपेठेपासून जवळच आम्ही एका जुन्या लॉजमध्ये उतरलो. उतारावर कौलारू खोल्या, पुढे लांबच लांब ओसरी आणि अंगणात जांभळाचे झाड. दोन्ही वेळचे जेवण, सकाळचा नाश्ता आणि चहा राहण्याच्या पैशांतच. ही गोष्ट मी आधी फोन करून पक्की करून घेतली होती. स्वयंपाकघर असलेली जागा स्वस्त मिळत होती, पण तिला मी निक्षून नाही म्हटले. स्वयंपाकघर बरोबर गेले, की बाई गावाला जाते आणि तिची सुट्टी घरीच राहते.

माथेरानच्या वर्णनात लोक पॉइंटांची यादी देतात. पॅनोरमा, अलेक्झांडर, रामबाग, चौक, लुइझा, एको, पॉर्क्युपाइन, हार्ट. असे तीस-पस्तीस तरी पॉइंट आहेत. घोडेवाले 'बारा पॉइंट' एका फेरीत दाखवतात. आम्ही ठरवले की दिवसाला एकच पॉइंट, आणि तोही सर्वांना जावेसे वाटले तर. उरलेला वेळ मोकळा.

पहिले दोन दिवस हा मोकळा वेळ कोणालाच झेपेना. यजमान दर दहा मिनिटांनी फोनची घंटा तपासत. मुलगी कानांत ते बोंडूक घालून बसे. धाकटा म्हणे, "मला कंटाळा आलाय." माझे स्वतःचे पाय तर सकाळी साडेपाचलाच जमिनीला लागत आणि मी ओसरीवर येऊन उभी राही, दूध तापवायचे नाही, डबा भरायचा नाही, मग करायचे काय? सगळ्यांत अवघडल्या त्या सासूबाई. "हाताला काम नाही म्हणजे कसंतरीच वाटतं गं," त्या म्हणत आणि लॉजच्या बाईकडून शेंगा सोलायला मागून घेत.

तिसऱ्या दिवसापासून मात्र गावाची लय अंगात मुरू लागली. माथेरानची जमीन जांभ्या दगडाची, माती तांबडी. संध्याकाळपर्यंत साऱ्यांचे पाय घोट्यापर्यंत लाल होत. रान दाट, अंजनीची झाडे जागोजाग, आणि ज्यांचा बहर मागे उरला होता त्यांच्या फांद्यांना निळ्या फुलांचे झुबके चिकटलेले. करवंदे पिकलेली. दुपारच्या वेळी शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेई, तेव्हा तिच्या लांब शेपटीची एक तांबूस रेघ हवेत उमटे. माकडांचा उपद्रव आहेच. हातातली चिक्की त्यांनी धाकट्याच्या हातून दिवसाढवळ्या लुटली. तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी चिक्की सदऱ्याच्या आत लपवून आणू लागला. कंटाळ्यातून सुचलेली ही पहिली युक्ती.

तोच मुलगा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, बाजारातून पेपर मी एकटा आणू?" डोंबिवलीत मी त्याला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाठवताना गॅलरीत उभी राहते. इथे मी "जा" म्हणाले. कड्यांचे भय होते. म्हणून एक नियम पहिल्याच दिवशी घालून दिला होता: कड्याकडे मोठ्या माणसाशिवाय जायचे नाही आणि कठडा असो वा नसो, दहा पावले मागे उभे राहायचे. घोडा दिसला तर त्याच्या मागून जायचे नाही. पण बाजाराचा रस्ता निर्धोक. तो गेला आणि मी ओसरीवर पुस्तक उघडले. वीस मिनिटांनी तो परत आला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की मधल्या वेळात मी एकदाही मान वर करून पाहिले नव्हते. कितीतरी वर्षांत माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरले होते. पहारा उतरतो तेव्हा आवाज होत नाही. नुसते हलके वाटते.

पेपरबरोबर तो एक प्रश्नही घेऊन आला. "भाई कोटवाल कोण?" त्याने गावात नाव वाचले होते. एरवी असे प्रश्न मी 'नंतर सांगते' म्हणून पुढे ढकलते. इथे नंतर आणि आता यांत फरकच नव्हता. मी त्याला सांगितले, की विठ्ठल लक्ष्मण कोटवाल याच माथेरानात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात जन्मले, वकिली शिकले, १९४२ च्या चळवळीत त्यांनी 'आझाद दस्ता' उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीने त्यांना वीरमरण आले. सासूबाईही ऐकत होत्या. मग त्यांनी त्यांच्या वडिलांच्या लहानपणच्या बेचाळीसच्या आठवणी काढल्या. त्या मी लग्नाला वीस वर्षे होऊनही कधी ऐकल्या नव्हत्या. दोघींनाही वेळ कधी होता?

त्या रात्री जेवताना सासूबाई ताटाकडे पाहत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून सलग इतके दिवस आयत्या ताटावर मी आत्ताच जेवतेय." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांच्या तरुणपणी उन्हाळा म्हणजे पापड, कुरडया, सांडगे, मिरगुंडे. गच्चीवर वाळवण आणि सुट्टीला आलेल्या नणंदांची मुले. त्या मुलांना आजही तो उन्हाळा सुखाचा म्हणून आठवतो. त्यांचे सुख ज्या हातांनी लाटले, त्या हातांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिली सुट्टी मिळत होती.

हे लिहिताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. माथेरानच्या संथपणाचे ओझे कोणीतरी वाहते, आणि ते शब्दशः वाहते. दस्तुरी नाक्यापासून प्रवाशांच्या बॅगा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायका आपण पाहतो. यांतल्या पुष्कळजणी डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांतून रोज पायी चढून येतात. भाजी, दूध, धान्य, गॅस, सारे काही घोड्यावर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर येते. म्हणून इथे सगळेच थोडे महाग. अशाच एका बाईला, ओसरीच्या पायरीवर ती पाणी प्यायला टेकली असता, मी विचारले, "मावशी, तुमची सुट्टी कधी असते?" ती हसली. "पावसात माणसं येत न्हाईत ताई. मग खाली शेतात लावणी. सुट्टी म्हंजे काय, डोक्यावरचं बोजं हातात येतं."

हातरिक्षांचेही तसेच. माणूस माणसाला ओढतो आहे, हे दृश्य इथे कित्येक वर्षे सवयीचे होते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आम्ही एकदा हातरिक्षा ठरवू पाहिली, तर त्या म्हणाल्या, "मी बसायची नाही. हळूहळू चालेन, नाहीतर इथंच बसेन." त्या चालल्या. २०२२ च्या अखेरीस इथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, त्याला अनेकांचा विरोध होता. एक वाहन आले की दुसरे येईल, ही भीती खोटी नव्हे, आणि घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्नही खराच. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करावे, असा आदेश दिला, तेव्हा मला बरे वाटले. आपल्या विसाव्यासाठी दुसऱ्याची छाती फुटू नये, एवढे तर पाहिलेच पाहिजे. आम्ही आमच्या परीने एक केले: प्रत्येकाने स्वतःला उचलता येईल एवढेच सामान न्यायचे आणि ओझे दिलेच तर दरात घासाघीस करायची नाही.

चौथा दिवस. सकाळी सहाच्या सुमारास मी शार्लोट तलावाकडे निघाले, तर मुलगी म्हणाली, "मी पण येते." बोलावले नसता ती आली, हेच नवल. तलावाच्या काठी पिसारनाथाचे देऊळ आहे; हे इथले ग्रामदैवत. देवळात कोणी नव्हते. पाणी उन्हाळ्याने खाली गेलेले, काठाची तांबडी माती उघडी पडलेली. आम्ही दगडावर बसलो. झाडीत कुठूनसा कस्तुर शीळ घालीत होता, एखादा मुलगा रस्त्याने जाताना घालील तशी, मध्येच विसरून पुन्हा सुरू केलेली. बराच वेळ गेला. मग पाण्याकडे पाहतच ती म्हणाली, "आई, मला पुण्याला जायची भीती वाटते."

ही मुलगी गेले वर्षभर घरात 'मी कधी एकदा बाहेर पडते' असे म्हणत होती. फॉर्म तिनेच भरले होते, वसतिगृहाची चौकशी तिनेच केली होती. मी उपदेश केला नाही. घरी असते तर केला असता, कारण घरी पाच मिनिटे असतात आणि पाच मिनिटांत उपदेशच बसतो. मी म्हटले, "मलाही वाटते." तिने चमकून पाहिले आणि माझ्या खांद्यावर डोके टेकले. ती किती दिवसांनी तशी टेकली, ते मी मोजले नाही.

पुढचे तीन दिवस ती बोलत होती. चालताना, करवंदे वेचताना, रात्री दिवे मालवल्यावर. खोलीतली दुसरी मुलगी चांगली नसली तर? आजारी पडले तर कोणाला सांगायचे? रोज फोन केला नाही तर तू चिडशील का? आमटी कशी करतात? आम्ही एकेका प्रश्नाचा निकाल लावला. फोन रात्री साडेनऊला, पण चुकला तर घबराट करायची नाही, असा करार झाला. तो करार खरे म्हणजे माझ्यासाठी होता. जूनमध्ये ती गेली, तेव्हा स्टेशनवर दोघींचेही डोळे कोरडे नव्हते. पण बोलायचे राहून गेले, असे काही उरले नव्हते.

म्हणून मी सात दिवसांचा आग्रह धरते. पहिला दिवस प्रवासाचा, दुसरा कंटाळ्याचा, तिसरा सवयीचा. मनातले बोलणे चौथ्या दिवशी बाहेर येते. जी सहल दुसऱ्या दिवशी गाव बदलते, तिला चौथा दिवस येतच नाही. तिला आठ वेळा पहिला दिवस येतो. मुले आपल्याशी बोलत नाहीत अशी तक्रार घरोघर ऐकू येते. ती बोलतात; फक्त आपण तोवर थांबलेले असावे लागते.

२०२३ नंतरही आम्ही माथेरानला गेलो आणि अनुभवाने काही गोष्टी पक्क्या झाल्या. मैत्रिणींच्या उपयोगी पडतील म्हणून सांगते. पहिली, संथ उन्हाळा आपोआप मिळत नाही. त्याची आखणी मार्चमध्येच करावी लागते. उत्तरपत्रिकांच्या तारखा, यजमानांची रजा, मुलांच्या परीक्षा हे सारे मांडून एक आठवडा कॅलेंडरवर तांबड्या शाईने राखून ठेवावा आणि त्या आठवड्यात लग्न आले तर आहेर पोचवून मोकळे व्हावे. दुसरी, बाकीच्या उन्हाळ्यात मुलाला वर्ग एकच, तोही त्याने निवडलेला. तिसरी, गावी स्वयंपाक बंद. चौथी, आपापले कपडे आपण धुवावेत. तांबड्या मातीचे डाग निघत नाहीत, तेव्हा मुलांना धुण्याची किंमत कळते आणि पांढरे कपडे कोणी नेत नाही. पाचवी, रोज एक तास आईचा. त्या तासात ती झोपेल, वाचेल, नुसती बसेल. तिला कोणी काही विचारायचे नाही. सुरुवातीला हा तास मागताना जीभ अडखळते, दुसऱ्या वर्षी घरचेच आठवण करून देतात.

माथेरानच पाहिजे, असे नाही. कोणाचे माहेर कोकणात असेल, कोणाची मावशी वाईला असेल. जिथे रस्ता मुलांसाठी निर्धोक आहे, घड्याळाला फारसे काम नाही आणि जिच्या घरी जातो तिच्यावर चार माणसांचा स्वयंपाक पडत नाही, अशी कुठलीही जागा चालेल. ही शेवटची अट विसरू नये. नाहीतर आपली सुट्टी म्हणजे वहिनीची वेठबिगार व्हायची.

दिवाळीचा फराळ अजून डब्यात आहे आणि मी उन्हाळ्याच्या गोष्टी सांगते आहे, याचे कोणाला हसू येईल. पण हीच वेळ आहे. नव्या वर्षाचे कॅलेंडर लवकरच भिंतीवर लागेल. दुधाचा, गॅसचा, कामवाल्या बाईंच्या खाड्यांचा हिशेब त्यावर मांडायला सुरुवात होण्यापूर्वी मे महिन्याचे पान उलटा आणि एका सोमवारपासून पुढच्या रविवारपर्यंत एक आडवी रेघ ओढून ठेवा.